खच्चीकरणाची किंमत

‘कार्यकर्त्यांचं खच्चीकरण’ असं आपण बातम्यांत इतक्या सहज वाचतो की शब्दाचा मूळ अर्थ आठवतही नाही. प्राचीन चीनमध्ये ती कायद्यातली शिक्षा होती. चेहऱ्यावर गोंदणं, नाक कापणं, पाय तोडणं, मग खच्चीकरण आणि शेवटी मृत्युदंड. इ.स.पू. १६७मध्ये हान सम्राट वेनने गोंदणं आणि नाक-पाय कापणं बंद केलं. खच्चीकरण मात्र पुढेही चालू राहिलं, मृत्युदंडाच्या बदल्यात.

इ.स.पू. ९९. सेनापती ली लिंग पाच हजारांचं पायदळ घेऊन उत्तरेच्या शिओंग्नू टोळ्यांवर चालून गेला. समोर कित्येक पट मोठी फौज होती. मदत आली नाही, तो शरण गेला. दरबार त्याच्यावर तुटून पडला. सम्राट वूने विचारलं तेव्हा बाजू घेतली ती एकट्या सिमा छिएनने. हा दरबारी इतिहासकार, ली लिंगचा मित्रसुद्धा नव्हता. त्याला मृत्युदंड झाला.

पैसे भरून सुटता येत होतं. रेन आन या परिचिताला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की घरात तेवढा पैसा नव्हता आणि एकही मित्र पुढे आला नाही. मी दर वेळी इथेच अडकतो. श्रीमंताने दंड भरायचा, बाकीच्यांनी शरीर द्यायचं.

इज्जतदार माणसाने अशा वेळी जीव द्यावा अशी रीत होती. पण वडिलांनी मरताना सोपवलेला इतिहास अर्धवट होता, म्हणून त्याने खच्चीकरण पत्करलं. त्यानंतर कैद्याला उबदार, वारा न लागणाऱ्या खोलीत ठेवत. तिला रेशीमकिड्यांची खोली म्हणत.

नेटवर ही गोष्ट ‘हार मानू नका’ छापाच्या पोस्टमध्ये फिरते. मला पत्रात जिद्दीपेक्षा लाज जास्त दिसते. आईवडिलांच्या थडग्यासमोर कोणत्या तोंडाने जाऊ, असं तो विचारतो. आणि ही लाज घेऊन तो पुन्हा त्याच सम्राटाच्या नोकरीत होता, पूर्वीपेक्षा वरच्या पदावर!

‘शी-जी’ची १३० प्रकरणं त्याने पूर्ण केली. त्यातलं एक निर्दयी अधिकाऱ्यांवर आहे, एक पैसा कमावणाऱ्यांवर. त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथ लोकांसमोर आणला तो यांग युनने, त्याच्या मुलीच्या मुलाने. यांग युनलाही पुढे एका पत्रातल्या मजकुरामुळे मृत्युदंड झाला.