झाडा आणि वाटणी

दसऱ्याच्या संध्याकाळी आपण सोने ‘लुटायला’ जातो आणि लुटलेले सोने वाटून मोकळे होतो. हा विधी इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील विसंगती कोणाच्या ध्यानी येत नाही. लुटीचे म्हणून जे काही असते ते सहसा कोणी वाटत नाही, आणि वाटावयाचेच असेल तर लुटण्याचे प्रयोजन उरत नाही. या चालीमागची म्हणून सांगितली जाणारी रघु, कौत्स आणि कुबेर यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. मात्र कालिदासाच्या ‘रघुवंशा’त (सर्ग ५) आपट्याचे झाड नाही आणि दसराही नाही. तेथे आहे तो एक विलक्षण पेच. गुरुदक्षिणेचे १४ कोटी मागायला आलेला कौत्स आपल्या गरजेपेक्षा एक नाणे अधिक घ्यायला तयार नाही, आणि कुबेराने वर्षविलेले सगळे धन त्यालाच द्यायचे असा रघूचा आग्रह आहे. उरलेल्या सोन्याचे काय झाले, याची चौकशी कालिदास करीत नाही. ती लोककथेने केली. झाडाखाली पडलेले सोने नगरजनांनी लुटून नेले, असा शेवट तिने जोडून दिला. महाकवीने सोडून दिलेला हिशोब लोकांनी पुरा केला, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठ्यांच्या फौजा मुलूखगिरीस निघत त्या याच दसऱ्याला. तेव्हा मोहिमेहून आल्यावर मिळालेल्या धनाचे काय करावयाचे, हा प्रश्न आपल्या इतिहासात केवळ कथेपुरता राहिलेला नाही. राज्य कसले आहे, हे पुष्कळदा त्याच प्रश्नाच्या उत्तरावरून ठरले. वऱ्हाडात, त्यातही पायनघाटातल्या नांदुऱ्यासारख्या गावी बसून या प्रश्नाकडे पाहिले म्हणजे त्याचे एक निराळेच अंग दिसू लागते. त्याकडे शेवटी येऊ.

प्रारंभ कृष्णाजी अनंत सभासदापासून करावा लागतो. त्याच्या बखरीत शिवाजीमहाराजांच्या लष्करी व्यवस्थेचा जो भाग आहे, तो आपल्या पाठ्यपुस्तकांतून ‘आदर्श राज्यव्यवस्था’ या मथळ्याखाली इतक्यांदा येऊन गेला आहे की आता तो कोणी वाचीत नाही, नुसता पाठ करतो. वस्तुतः तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. फौज पावसाळ्यात छावणीला असावी आणि दसऱ्याला बाहेर पडावी. निघतेवेळी प्रत्येक लहानथोर असामीजवळ काय चीजवस्त आहे याचा झाडा, म्हणजे तपशीलवार यादी, करून ठेवावी. परतल्यावर पुन्हा झाडा घ्यावा आणि जे अधिक सापडेल ते वेतनात वजा धरावे किंवा सरकारात भरून घ्यावे. सोने, रुपे, जडजवाहीर, भारी कापड खजिन्यात जमा करावे. लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी नसाव्यात. परमुलखात बायका-पोरे धरू नयेत, गाय धरू नये. आपण आज सहजपणे वापरतो त्या ‘झाडाझडती’ शब्दातला ‘झाडा’ तो हाच.

या व्यवस्थेचे मर्म केवळ कडक शिस्तीत आहे, असे आम्हांस वाटत नाही. लूट आणि बक्षीस यांची येथे फारकत केलेली आहे, ही खरी महत्त्वाची गोष्ट. लुटीत हाती आले ते शिपायाचे नाही, आणि शिपायाला मिळेल ते त्याने काय हस्तगत केले यावर अवलंबून नाही. अफजलखानाच्या प्रसंगानंतरचे वर्णन याच्या जोडीला ठेवून पाहावे. जखमी झालेल्यांना जखम पाहून २००, १००, ५०, २५ होन दिले, पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन बांधून दिले, नावाजलेल्यांना हत्ती, घोडे, कडी, शिरपाव दिले, असे सभासद लिहितो. येथे मोजमाप जखमेचे आहे, मालाचे नाही. लढाईत पुढे गेलेला शिपाई आणि वाड्याच्या तळघरात शिरलेला शिपाई यांच्यात दुसराच श्रीमंत होऊन परतण्याचा धोका कोणत्याही सैन्यात असतो. तो या एका तरतुदीने टळतो.

तुलनेसाठी एक अगदी वेगळे उदाहरण घेण्याचा मोह आवरत नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसून, कागद आणि फासे घेऊन, प्रत्येकाने एक एक पात्र वठवायचे आणि मिळून एक साहसकथा रचत जायची, असे त्याचे स्वरूप आहे. आपल्या शहरांतील काही महाविद्यालयीन मुलेही आता तो खेळतात. त्याच्या मूळ नियमांत पात्राचा ‘अनुभव’ वाढत असे तो मुख्यत्वे भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या सोन्यामुळे. ढोबळमानाने एका सुवर्णनाण्यास अनुभवाचा एक गुण. राक्षस मारल्याचेही गुण मिळत, पण ते मानाने थोडे. परिणामी खेळणारे लढाई टाळून खजिना पळविण्याच्या युक्त्या शोधू लागले आणि साहस संपल्यावर वाटणीसाठी टेबलावर खरी लढाई जुंपू लागली. सभासदाच्या बखरीतला नियम नेमक्या याच ठिकाणी वेगळा आहे. तेथे पराक्रम एका वहीत आणि सोने दुसऱ्या वहीत मांडलेले आहे.

आता साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न. सभासदाने बखर लिहिली ती १६९७ साली, जिंजीला, राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून. म्हणजे किल्ल्याला मोगलांचा वेढा पडलेला, स्वराज्याचा खजिना रिता, आणि सरदार आपापल्या बळावर फौजा उभारून लढत असलेले. या परिस्थितीत झाडा घेणार कोण आणि कोणाचा? पगार देता येत नव्हता तेथे लूट सरकारजमा करा असे सांगण्याचा अधिकारही उरत नाही. राजारामांच्या काळात सरंजाम आणि वतने देण्याची वाट मोकळी झाली ती या नाइलाजातून. जून १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना दिलेले अभिवचन प्रसिद्ध आहे. रायगड, विजापूर, भागानगर आणि औरंगाबाद ही ठिकाणे घेतल्यावर नेमणुकीचा अर्धा भाग द्यावयाचा आणि उरलेला अर्धा दिल्ली घेतल्यावर. न जिंकलेल्या मुलखाची वाटणी आधीच कागदावर झालेली! याला कोणी स्वप्नाळूपणा म्हणेल, कोणी धैर्य म्हणेल. आम्हांला त्यात दोन्ही दिसते. पण १६९१ च्या त्या कागदाच्या शेजारी १६९७ ची बखर ठेवली की बखरीतला तो शिस्तीचा परिच्छेद निव्वळ आठवण म्हणून वाचता येत नाही. थोरल्या महाराजांच्या वेळी असे होते, हे धाकट्या महाराजांना ऐकविलेले वाक्य आहे. त्यात वर्णन किती आणि गाऱ्हाणे किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

म्हणून सभासदाने सगळे कल्पिले, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. चिपळूणजवळ छावणीस असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना आणि १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला महाराजांनी पाठविलेली पत्रे उपलब्ध आहेत. रयतेचे दाणे, वैरण, भाजीपाला यांना हात लावू नये ही त्यांतली तळमळ बखरीतल्या नियमाशी जुळते. पत्र हा त्या क्षणाचा दस्तऐवज असतो. त्याला पुढे येणाऱ्या काळाची खबर नसते. बखरीला ती असते. दोन्ही साक्षी एकच गोष्ट सांगत असतील तर तिच्यावर विश्वास ठेवावा, पण त्यांचा सूर एक आहे असे समजू नये.

हा नियम कोणाच्या बाजूने होता, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. तो आपल्या रयतेच्या आणि आपल्या खजिन्याच्या बाजूने होता. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेच्या सावकारांना त्याचा उपयोग नव्हता. दुसऱ्या सुरतेनंतर थोड्याच दिवसांनी, १६७० च्या अखेरीस, फौजा आमच्या वऱ्हाडात आल्या आणि कारंजा लुटले गेले. बैल आणि गाढवे मिळून ४००० जनावरांवर माल लादून नेला, आणि गावातला मोठा सावकार बाईचे कपडे करून निसटला, असे सर जदुनाथ सरकारांनी नमूद केले आहे. बाईला हात लावावयाचा नाही हा नियम शत्रूच्या मुलखातील सावकाराला इतका पक्का ठाऊक होता की त्याच्या भरवशावर त्याने जीव वाचविला! नियमाच्या अंमलबजावणीचा यापेक्षा चांगला पुरावा कोणत्या बखरीत सापडणार? त्या ४००० जनावरांवरचा माल मात्र कारंज्याचा होता. तो रायगडच्या जामदारखान्यात व्यवस्थित नोंदला गेला असेल, तरी कारंजेकरांच्या लेखी तो गेलाच.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले आणि लुटीचे रूपांतर हक्कात झाले. दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर चौथाई आणि सरदेशमुखी. त्या सहांत वऱ्हाड हा एक. सरदेशमुखीचा दहावा हिस्सा छत्रपतींचे वतन. चौथाईची वाटणी पाहण्याजोगी आहे. तिच्यातील शेकडा २५ ही राजबाबती म्हणून छत्रपतींकडे, शेकडा ६ सहोत्रा म्हणून पंतसचिवांकडे, शेकडा ३ नाडगौडा म्हणून छत्रपतींच्या मर्जीप्रमाणे, आणि उरलेले ६६ मोकासा म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांना. शिवाय एका सरदाराचा मोकासा सलग एका ठिकाणी न देता दुसऱ्यांच्या हक्कांत गुंतवून ठेवलेला. एकाच गावच्या पिकावर चौघांचे कारकून येऊन बसत. हिशोब इतका किचकट की तो मांडणाऱ्या दप्तराशिवाय कोणाचेच चालू नये. न्यायमूर्ती रानडे यांना या गुंतागुंतीत मराठी सत्तेचे संघटन दिसले. शेतकऱ्याच्या जागी उभे राहिले तर तेच संघटन बांधावर एकामागून एक येणाऱ्या माणसांच्या रांगेसारखे दिसते.

वऱ्हाडात तर ही रांग दोन राज्यांची होती. १७२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यातील साखरखेर्ड्याला निजाम-उल्-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनची सुभेदारी आपल्या हाती पक्की केली. दुसरीकडे वऱ्हाडचा मोकासा भोसल्यांकडे. रघूजींनी पुढे नागपुरास ठाणे केले. मग निजामाचा आमिल आणि भोसल्यांचा आमिल एकाच गावच्या पाटलाकडे वसुलीस येऊ लागले. या स्थितीला ‘दोन अमल’ म्हणत. एका पिकाला दोन धनी. रघूजींच्या फौजा तिकडे बंगालपर्यंत गेल्या. १७४२ मध्ये मुर्शिदाबादेत जगत्शेठांची कोठी लुटली गेली आणि १७५१ च्या तहाने बंगालच्या चौथाईबद्दल सालिना १२ लाख रुपये ठरले. बंगालमध्ये मुलांना निजविताना आया अजूनही ‘बर्गी’ येण्याचे गाणे म्हणतात. ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. आपल्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या गाण्यासाठी एक तळटीप तरी हवी.

वाटणीचा शेवटचा टप्पा पेंढाऱ्यांचा. त्यांना पगार नाही. सरदाराच्या छावणीशेजारी पाल ठोकण्याबद्दल त्यांनीच ‘पालपट्टी’ भरावयाची आणि लुटीवर जगावयाचे. मोहिमेहून परतल्यावर आधी धन्याचा हिस्सा, मग म्होरक्याचा, मग कर्ज देणाऱ्या सावकाराचे देणे, आणि उरलेल्या मालाचा बाजार, असे वर्णन समकालीन इंग्रजी लेखनात येते. तेव्हाही लुटीत शिस्त होतीच. झाडा मात्र नव्हता.

इंग्रजांनी आपण लूटमार थांबविली असे लिहून ठेवले आहे. पेशवाई बुडाल्यावर १८१८ पासून त्यांच्यात जे चालले ते ‘डेक्कन प्राइझ मनी’ या नावाने ओळखले जाते. पेशव्यांच्या खजिन्यावर आणि जवाहिरावर हक्क कोणाचा, सर थॉमस हिस्लॉपच्या दख्खन फौजेचा की गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जच्या मोठ्या फौजेचाही, यावर वर्षानुवर्षे खल झाला. ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि आर्बथनॉट हे विश्वस्त नेमले गेले. रायगडचे किल्लेदार नारो गोविंद औटी यांची पुण्यातील संपत्ती जप्त झाली होती. त्यांच्या वारसांच्या बाजूने मुंबईच्या न्यायालयाने दिलेला निकाल १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फिरविला. ही युद्धातील जप्ती आहे, दिवाणी न्यायालयाचा येथे संबंध नाही, असे ठरले. सेनापतीला मोठा वाटा आणि साध्या शिपायाला नाममात्र, दर्जाप्रमाणे आखून दिलेला. म्हणजे जखमेचे मोजमाप गेले आणि हुद्द्याचे आले. ही वाटणी अधिक सुसंस्कृत वाटते ती केवळ तिचे कागद नीट जपले गेले म्हणून.

वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर आमचा निकाल त्याआधीच लागला होता. नोव्हेंबर १८०३ मध्ये अडगावची लढाई झाली, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. कंपनीने तो स्वतःकडे ठेवला नाही. तो दोस्ताचा वाटा म्हणून निजामाला मिळाला. दोन अमलांपैकी एक गेला आणि पाटलाची एक खेप वाचली, इतकेच. १८५३ मध्ये निजामाने कंपनीच्या पलटणींच्या थकलेल्या खर्चापोटी तोच मुलूख कंपनीकडे लावून दिला. १९०२ मध्ये तो सालिना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. तोवर नांदुऱ्यावरून आगगाडी धावू लागून बरीच वर्षे झाली होती आणि येथल्या काळ्या जमिनीतला कापूस मुंबईच्या बंदराकडे जात होता. निजामाच्या वाट्याला त्या कापसातले काही नव्हते. १९३६ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब तेवढा मिळाला.