फरशी फोडण्याआधी हे ऐका

आजचा विषय आहे पायाखालची लादी. आज टाइल्सच्या दुकानात गेलं की दोन बाय चार फुटी चकचकीत टाइल समोर येते, बहुतेक वेळा गुजरातमधल्या मोरबीची. पण दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत नक्षीची लादी म्हणजे विलायती माल. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं. तिथे खाली बघा, इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या टाइल्स आहेत. बोटीने आलेल्या.

मग १९२२ साली फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्स सुरू केली. स्वदेशीचे दिवस होते. कापडासाठी लोक लढत होते, तसंच हे लादीचं स्वदेशी!

ही लादी बनते कशी? लोखंडी साच्यात नक्षीची धातूची जाळी ठेवायची. तिच्या एकेका कप्प्यात सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचं पातळ मिश्रण हाताने ओतायचं. जाळी अलगद उचलायची, वर वाळू-सिमेंट भरायचं आणि प्रेसखाली दाबायचं. भट्टी नाहीच. लादी पाण्यात मुरते आणि पक्की होते.

आता याचा आपल्या खरेदीशी संबंध काय? या लादीवर रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो. म्हणजे ती घासून परत पॉलिश करता येते. छापील ग्लेझच्या टाइलचं तसं नाही. वरची नक्षी झिजली की संपलं. म्हणून आजोबांच्या घरातली मळकट लादी फोडण्याआधी एका कोपऱ्यात पॉलिशवाल्याकडून घासून बघा. ॲसिड मात्र लावू नका, ते सिमेंटच खातं.

काही लाद्या फुटल्या असतील तर तशाच आजही बनवून मिळतात. हिशोब सोपा आहे. आठ इंची लादी १०० चौरस फुटांना २२५ लागतात. कापण्यात, फुटण्यात जातात म्हणून दहा टक्के जास्त धरा, म्हणजे साधारण २५०. आणि सगळ्या एकाच वेळी घ्या. रंग हाताने कालवलेला असतो, पुढच्या खेपेला छटा बदलू शकते. चार-सहा लाद्या माळ्यावर ठेवून द्या, नळाच्या कामाला प्लंबर येतोच कधीतरी!

एवढं करूनही नवीनच हवी असेल, तर खुशाल घ्या. फक्त जुनी लादी डेब्रिजच्या गोणीत टाकू नका. शाबूत निघालेली दुसऱ्या कुणाच्या घरात बसते.