घाटातले तास

कर्जतला गाडी थांबते ती वड्यासाठी, असं निम्म्या पुण्याला वाटतं. आम्ही कर्जतकर ते खोडून काढत नाही, त्यावर कैक घरांची चूल पेटते. खरं कारण मात्र गाडीच्या शेपटाशी असतं. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला इथे मागून इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात आणि पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल करत गाडी खंडाळ्याला लागते. चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. सगळा जोर लावणाऱ्या बँकरच्या ड्रायव्हरला समोर काय दिसतं? शेवटच्या डब्याची भिंत. सिग्नल पुढच्याला दिसतो, मागच्यानं त्याच्या शिट्टीला शिट्टी देत चालायचं.

मी इथल्या शाळेत इतिहास शिकवायचो. वर्गात फ्रेंच राज्यक्रांती रंगात आली की हमखास बँकरची शिट्टी व्हायची आणि पोरं खिडकीकडे बघायची. बोरघाटाचा इतिहास म्हटलं की लोक बोगदे मोजतात, दऱ्यांवरचे पूल मोजतात. मला त्यापेक्षा तासांचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. इथली भांडणं मुख्यतः दोन गोष्टींवरून झाली आहेत: माणसानं किती तास राबायचं, आणि त्याच्या वतीनं करारावर सही कुणी करायची.

पहिलं भांडण गाडी घाट चढण्याआधीचं. १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि डोंगराला टेकून थांबली. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट उतारूंनी पालखीतून, बैलगाडीतून नाहीतर पायी चढायचा. खालापूर तालुक्यातलं खोपोली तेव्हा काही वर्षं मुंबईकडच्या गाडीचं शेवटचं स्टेशन होतं. आज तिथे फक्त लोकल जाते आणि त्या फाट्याचं मोठेपण कुणाला आठवत नाही.

घाटाचं कंत्राट विल्यम फेविएल नावाच्या इंग्रजाकडे होतं. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या खाली मुकादम आणि सगळ्यांत तळाला टोपली-पहार घेतलेली माणसं. पैसा वरून खाली झिरपायचा आणि वाटेतच जिरायचा. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली, मजूर उठले, दंगल झाली, एक युरोपियन मारला गेला. मुंबई सरकारनं चौकशी केली. दोन-तीन महिन्यांत फेविएलनं कंत्राट सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच आठवड्यांत आजारानं गेला आणि त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट आपल्याकडे घेऊन दोन इंजिनिअरांकरवी काम पुरं केलं. तिची गोष्ट आता बरेच जण सांगतात. त्या दंगलीतून जन्मलेल्या कायद्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १८६०चा नववा कायदा रेल्वे आणि सरकारी बांधकामांवरच्या मजुरीच्या तंट्यांसाठी झाला. मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन थकलेले पैसे मागता येऊ लागले, आणि त्याच कायद्यात करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षेचीही सोय झाली. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्यानं मनगट धरायचं, ही रीत या देशाच्या कामगार कायद्यांत पुढे फार वेळा दिसते. तिची एक मुळी आमच्या घाटात आहे.

१८६३ मध्ये घाट सुरू झाला. इंजिनावर साहेब आला. ड्रायव्हर विलायतेतून आणलेला, मागून अँग्लो-इंडियन. कोळसा टाकायला आपला माणूस. पगारात जमीन-अस्मानाचं अंतर. १८९७ मध्ये रेल्वे नोकरांची जी पहिली मोठी संघटना निघाली, ती याच युरोपियन-अँग्लो-इंडियन मंडळींची होती. फायरमनला त्या बैठकीत खुर्ची नव्हती. म्हणजे इंजिनावर दोघं खांद्याला खांदा लावून उभे, आणि संघटनेत एकच.

दोनच वर्षांनी, १८९९च्या उन्हाळ्यात, जीआयपीच्या सिग्नलरांनी संप केला. हे तारेवर टकटक करून गाड्यांचे निरोप देणारे लोक. पगार, बढती आणि कामाचे तास या त्यांच्या तक्रारी होत्या. टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं त्यांची बाजू उचलून धरली. मुंबईत फिरोजशहा मेहता आणि दिनशा वाच्छा यांनी त्यांच्यासाठी सभा घ्यायला आणि वर्गण्या गोळा करायला हातभार लावला. टिळक आणि मेहता एका बाजूला, हा योग मुळात दुर्मीळ. संप तरीही मोडला.

१९३०चा संपही मोडलाच. फेब्रुवारीत जीआयपीचे कामगार बाहेर पडले आणि कंपनीनं त्यांना दाद दिली नाही. वेळही विचित्र होती. १९२९-३०च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर वीज आली, घाटातलं उलटं फिरण्याचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन बाद झालं आणि वाफेच्या इंजिनांऐवजी लांब नाकाडाची विजेची मालइंजिनं आली. लोक त्यांना खेकडा म्हणत. खेकड्याला कोळसा लागत नव्हता, म्हणजे फावडं मारणारा फायरमनही लागत नव्हता. मालकाच्या हातात नवं यंत्र आलेलं असताना संप करणं म्हणजे पावसाळ्यात वाळवण घालणं.

स्वातंत्र्याच्या तोंडावर तासांचा प्रश्न एका मराठी न्यायमूर्तीपुढे आला. रेल्वे कामगारांच्या तंट्यात लवाद म्हणून नेमलेल्या न्यायमूर्ती राजाध्यक्षांनी १९४७ मध्ये निवाडा दिला: सलग काम, तीव्र ताणाचं काम, मधूनमधून येणारं काम अशी वर्गवारी आणि प्रत्येकाला आठवड्याचे वेगळे तास. कागदावर ही मोठीच सुधारणा होती. पण इंजिनवाल्याचं काम कुठल्याच चौकटीत नीट बसत नाही. त्याचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही आणि दिवस सकाळी उजाडत नाही.

हे मी लहानपणी शेजारात बघितलं आहे. आमच्या आळीत बँकरवर जाणारे एक काका राहायचे. रात्री कधीही कॉलबॉय यायचा. नाव कॉलबॉय, माणूस चांगला पन्नाशीचा. काखेत लांबोडी वही, हातात कंदील, पुढे बॅटरी. दार वाजवायचा, काकू कडी काढायच्या, काका डोळे चोळत यायचे. वहीत रकाने असत: नाव, गाडी, कॉलची वेळ, सही. कॉलबॉय बोटानं रकाना दाखवायचा आणि काका उभ्यानं, चौकटीला वही टेकवून सही करायचे. सही झाली की सुटका नाही. मग पत्र्याची लाइन बॉक्स उचलायची. तिच्यात डबा, टॉर्च, झेंड्या, नियमांचं पुस्तक. गंमत अशी की या सहीपासून तास धरत नसत. तास धरायचे ते शेडमध्ये जाऊन ‘साइन ऑन’ केल्यापासून. काकूंचं गणित वेगळं होतं: "कडी काढली तिथून माझी ड्युटी सुरू."

आणखी एक भांडण मायलेजचं. ड्रायव्हरला पगारावर रनिंग अलाउन्स मिळतो, तो किलोमीटरवर. मेल घेऊन मैदानात धावणारा किलोमीटर कमावतो. घाटात बँकर घेऊन रांगणारा काय कमावणार? त्यासाठी तासांचे किलोमीटर करायचे नियम आहेत. त्या नियमांवर घाटातल्या ओट्यांवर जेवढी चर्चा झाली असेल, तेवढी भगवद्गीतेवर झाली नसेल.

१९७०च्या सुमारास देशभरच्या इंजिनवाल्यांनी ऑल इंडिया लोको रनिंग स्टाफ असोसिएशन काढली. मान्यताप्राप्त संघटना होत्याच. रेल्वे त्यांच्याशीच बोलायची आणि करार त्यांच्याशीच व्हायचे. पण त्यांत कारकून, खलाशी, गँगमन, वर्कशॉपवाले सगळे. ड्रायव्हर म्हणायचे, आमचे तास आमच्या नावावर दुसरेच सोडून देतात. मे १९७३ आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी गाड्या बंद पाडल्या. ऑगस्टमध्ये सरकारनं ‘साइन ऑन’ ते ‘साइन ऑफ’ दहा तास ही मागणी तत्त्वतः कबूल केली. मान्यता नसलेल्या संघटनेशी बोलून. मोठ्या युनियनांची त्यात चांगलीच अडचण झाली. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचं अध्यक्षपद गोव्याचे पीटर अल्वारिस यांच्याकडे होतं. त्याच वर्षाअखेर ते जॉर्ज फर्नांडिसांकडे गेलं. त्यामागे कारणं अनेक होती, पण इंजिनवाल्यांनी खाली पेटवलेला जाळ हे एक होतंच.

मग ८ मे १९७४. वीस दिवसांचा तो देशभरचा रेल्वे संप, फर्नांडिसांची आधीच झालेली अटक, वसाहतींतून धरपकड हे सगळं लिहून झालेलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. एवढंच सांगतो की बडतर्फ झालेल्यांना १९७७ मध्ये परत घेणारे रेल्वेमंत्री मधू दंडवते आपल्या कोकणातून, राजापूरमधून निवडून आलेले होते. काका त्या संपात होते की नाही, यावर आळीत दोन मतं आहेत.

ड्रायव्हरांचं सगळंच मला पटतं असं नाही. त्यांच्यात थोडा संस्थानिकी थाट असतो. हँडल सोडलं की गाडी थांबते, ही ताकद मागे उभी असते. पावसाळ्यात मंकी हिलच्या धारेखाली दरड येते का बघत उभ्या असलेल्या ट्रॅकमनकडे कुठली ताकद आहे? त्याच्या एकट्याच्या संपानं काय थांबेल? ड्रायव्हर वेगळा झाला की ट्रॅकमनचं वजन घटतं, हे मोठ्या युनियनचं म्हणणं खोटं नाही. पण त्या वजनाचा काटा शेवटी कुणाच्या हातात असतो, हा प्रश्नही खोटा नाही.

विमानवाल्यांचं याहून निराळं नाही. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या, पण वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या. बोइंग ७८७चं प्रशिक्षण आधी कुणाला, या वादातून २०१२ मध्ये इंडियन पायलट्स गिल्डचे वैमानिक आजारपणाची रजा टाकून घरी बसले ते ५८ दिवस. व्यवस्थापनानं गिल्डची मान्यता काढली. २०२५च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा मुळाशी पुन्हा तासच होते. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८वर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा घालणारे नियम वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली हायकोर्टापर्यंत जाऊन पदरात पाडून घेतले होते. कंपनीनं तेवढे वैमानिक ठेवले नव्हते. गोंधळ झाल्यावर तिलाच रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. विमानतळावर ताटकळलेल्यांचा राग मात्र काउंटरवरच्या पोरींवर निघाला. त्याच महिन्यात नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. आता हे भांडणही आमच्या रायगड जिल्ह्यात आलं.

आमच्या काकांना ड्रायव्हर म्हणत; आजच्या पोरांना लोको पायलट म्हणतात. त्यांची मागणी साधी आहे: आठवड्याच्या ३० तासांच्या विश्रांतीत कामावरून परतल्यानंतरची नेहमीची १६ तासांची विश्रांती गिळू नका, दोन्ही मिळून ४६ तास द्या. दक्षिणेत २०२४च्या जूनमध्ये काहींनी ही विश्रांती परस्पर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कारवाई झाली. आणि घाटात नवं यंत्रही आलं आहे: २०२३च्या फेब्रुवारीपासून सोलापूरची वंदे भारत बँकर न लावता घाट चढते आहे. तिच्या काही डब्यांखालीच मोटर आहे, मागून ढकलायला कुणी लागत नाही. बाकीच्या गाड्या अजून थांबतात, बँकर अजून लागतो, वडा अजून खपतो; पण खेकडा आला तेव्हा फायरमनांनी जे ओळखलं असेल, ते बँकरवाल्यांनाही कळत असणार.

आळीतलाच एक मुलगा असिस्टंट लोको पायलट आहे. आता कॉलबॉय येत नाही, मोबाइल वाजतो. डिसेंबर २०२४ला रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान झालं, तेव्हा तो रात्रपाळी उतरून सरळ रांगेत उभा राहिला होता. मध्य रेल्वेत जुनी चुरस आहे ती नॅशनल रेल्वे मजदूर युनियन आणि सेंट्रल रेल्वे मजदूर संघ यांच्यात. मी विचारलं, "कुणाला दिलंस?" तो म्हणाला, "सर, झोपेत होतो. पण ज्यांनी निदान तासांचं पत्रक काढलं होतं, त्यांना." पत्रक त्याच्या खिशात होतं. त्यात तासांवर दीड ओळ होती, उरलेलं पान नेत्यांच्या फोटोंनी भरलेलं.