‘पठाण’ कोणी बुडवली?

आरमारी इतिहासाच्या याद्या चाळताना एक ओळ पुन्हा पुन्हा भेटते. ‘पठाण’, रॉयल इंडियन नेव्हीची गस्ती नौका, 23 जून 1940 रोजी मुंबईजवळ बुडाली. बुडवणारी, इटालियन पाणबुडी ‘गॅल्वानी’. ओळ एवढीच. एका यादीतून दुसऱ्या यादीत ती उतरत गेली आणि शिळेवरच्या अक्षरासारखी पक्की झाली. आज मला त्या ओळीबद्दल बोलायचं आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात बसून पाणबुडीच्या गोष्टी कसल्या सांगता, असं कुणी म्हणेल. दुसऱ्या महायुद्धाशी आपल्या भागाचं नातं विचारलं, तर जाणती माणसं जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे हवाई दलात होते एवढं सांगतात. पण आपल्याच जिल्ह्याच्या सातपाटी-डहाणूपुढे जो समुद्र पसरलेला आहे, त्याच समुद्राची ही हकिगत आहे.

आधी ‘पठाण’ची ओळख करून घेऊ. ही नौका मूळची इंग्रजांची, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 साली बांधलेली. तेव्हा तिला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, पीसी 69. या जातीच्या नौका पाणबुड्यांच्या शिकारीसाठीच केलेल्या. दिसायला लहानशा व्यापारी जहाजासारख्या, म्हणजे पाणबुडीने गरीब सावज समजून जवळ यावं आणि मग यांनी तोफेवरचा पडदा दूर सारावा. युद्ध संपल्यावर ती हिंदुस्थानकडे आली, ‘पठाण’ झाली. तिला चालवणारं दल तेव्हा रॉयल इंडियन मरीन होतं. 2 ऑक्टोबर 1934 रोजी त्याचं रॉयल इंडियन नेव्ही झालं. या दलात खलाशी भरती व्हायचे ते बरेचसे दोन भागांतले. पंजाबचे मुसलमान आणि आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. पिढ्यान् पिढ्या गलबतांवर वाढलेली ती घराणी. बाप जहाजावर, मुलगा जहाजावर, आणि घरी मनीऑर्डरची वाट बघणारी आई. त्या दलाचं कोणतंही जहाज बुडालं की त्याची बातमी कोकणातल्या एखाद्या मोहल्ल्यात जाऊन पोहोचण्याचीच शक्यता फार. म्हणून ही ओळ मला नुसती ओळ वाटत नाही.

आता दुसरी बाजू, ‘गॅल्वानी’. इटलीतल्या तारांतो बंदरात तोसी कंपनीच्या गोदीत ती बांधली आणि 1938 साली पाण्यात सोडली. नाव विजेच्या शास्त्रज्ञाचं, बेडकाच्या पायाचा प्रयोग करणाऱ्या त्या गॅल्वानीचं. ‘ब्रिन’ वर्गातल्या पाच बहिणींपैकी ही एक. बाकीच्या ब्रिन, गुग्लिएल्मोत्ती, आर्किमेदे आणि तोरिचेल्ली. यातल्या शेवटच्या दोघींची जन्मकथा मोठी गमतीची आहे. आर्किमेदे आणि तोरिचेल्ली याच नावांच्या दोन पाणबुड्या इटलीकडे आधीच होत्या. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा 1937 साली मुसोलिनीने त्या गुपचूप फ्रँकोला देऊन टाकल्या. पण जगाला पत्ता लागू द्यायचा नव्हता. मग त्याच नावांच्या दोन नव्या बांधून घेतल्या, म्हणजे हजेरीपटावर नावं जशीच्या तशी! एखाद्या सावकाराने गहाण पडलेले बैल विकून टाकावेत आणि पाहुणे यायच्या आत त्याच रंगाचे दुसरे दावणीला आणून बांधावेत, तसा प्रकार.

‘गॅल्वानी’ची लांबी सुमारे 72 मीटर. पाण्यावर तरंगताना वजन हजार टनांच्या आसपास, बुडी मारल्यावर साडेबाराशेच्या वर. टॉर्पेडो सोडायच्या नळ्या आठ, चार पुढे आणि चार मागे. शंभर मिलिमीटरची एक तोफ. पाण्यावर डिझेलची इंजिनं ताशी सतरा नॉटपर्यंत वेग देत, म्हणजे एकतीस-बत्तीस किलोमीटर. तोरंगण घाट उतरून मोखाड्याकडे येणारी आपली एसटीसुद्धा सरळ रस्त्याला लागली की याहून जोरात पळते. पाण्याखाली बॅटरीवर वेग आठ नॉटच, आणि तोही थोडाच वेळ, कारण बॅटरी उतरली की वर यावंच लागे. त्या काळची पाणबुडी म्हणजे खरं तर गरज पडली तर बुडी मारणारं जहाज. दिवसचे दिवस पाण्याखाली राहणारी आजची अणुपाणबुडी डोळ्यांपुढे आणू नका. हा सतरा नॉटांचा आकडा मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

10 जून 1940 रोजी इटली युद्धात उतरली. तांबड्या समुद्रावर, आजच्या एरिट्रियात, मसावा हे तिचं बंदर होतं आणि तिथे आठ पाणबुड्या होत्या. हिंदुस्थानातून सुएझकडे जाणारी जहाजं आणि इराणच्या आखातातलं तेल, या दोन्हींच्या वाटेवर त्यांनी बसायचं होतं. कागदावर बेत चांगला होता. पण महिना जूनचा, आणि तांबड्या समुद्राची ती उकाड्याची भट्टी. माणसं टिकावीत म्हणून पाणबुड्यांत हवा थंड करणारी यंत्रं बसवली होती. त्यांत मिथाइल क्लोराइड नावाचा वायू फिरत असे. हा वायू दिसत नाही आणि त्याचा वासही सहजी कळत नाही. नळ्यांतून गळू लागला की आधी डोकं गरगरतं, मग माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि शेवटी जीव जातो. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवल्यावर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे तर खिडक्याच नव्हत्या. ‘आर्किमेदे’वर काही खलाशी असे मेले, काही पिसाळल्यासारखे झाले आणि तिला मोहीम सोडून परतावं लागलं. ‘मकाल्ले’ भरकटून प्रवाळाच्या खडकावर चढली ती कायमची. ‘पेर्ला’ही अशीच किनाऱ्याला लागली, ती पुढे सोडवून आणली. शत्रूचा गोळा सुटण्याआधी थंड हवेनेच निम्मं काम केलं. युद्धाच्या पुस्तकांत तोफांची वर्णनं पानोपानी असतात, या नळ्यांना जेमतेम चार ओळी मिळतात. मला त्या चार ओळी जास्त महत्त्वाच्या वाटतात.

‘गॅलिलेई’ची कथा याहून विचित्र. तिने 16 जूनला एडनजवळ ‘जेम्स स्टोव्ह’ हे नॉर्वेचं तेलवाहू जहाज बुडवलं. तीनच दिवसांनी ‘मूनस्टोन’ नावाची इंग्रजांची एक नौका तिच्यासमोर आली. ही मूळची मासेमारीच्या जातीची, वर तोफ बसवलेली. एवढ्याशा नौकेने त्या पाणबुडीवर मारा केला, कप्तानासह अधिकारी मारले आणि पाणबुडी जिवंत पकडली! एडनला ओढत नेलेल्या त्या पाणबुडीत कागद सापडले. कोणती पाणबुडी कुठे जाऊन बसणार, याचे हुकूम त्यांत होते. ‘गॅल्वानी’च्या नावापुढे ओमानचं आखात होतं.

इंग्रजांची ‘फाल्मथ’ ही स्लूप जातीची युद्धनौका तिकडे वाट पाहत राहिली. 23 आणि 24 जूनच्या मधल्या रात्री तिला पाण्यावर ‘गॅल्वानी’ दिसली. ‘फाल्मथ’ने तोफ डागली. पाणबुडीने बुडी मारण्याची धडपड केली, पण मागचा भाग फुटला होता आणि पाणी आत घुसत होतं. मागच्या टॉर्पेडोच्या खोलीत पिएत्रो वेनुती नावाचा एक खलाशी होता. त्याने ते पोलादी दार आतून लावून घेतलं. पाणी त्याच्या खोलीत राहिलं, बाकीच्यांना वर येऊन बाहेर पडण्यापुरता वेळ मिळाला. 26 माणसं गेली, 31 वाचली आणि कैद झाली. वेनुतीला मरणोत्तर सुवर्णपदक मिळालं. तो शत्रूपक्षाचा होता, फॅसिस्ट सत्तेच्या आरमारात होता, हे सगळं खरं. तरी त्या दाराशी आलं की मी थोडा थांबतो.

आता याद्यांमधल्या त्या ओळीकडे वळू. ओमानच्या आखातातली ती जागा आणि मुंबई यांच्यामध्ये समुद्रमार्गे सुमारे अठराशे किलोमीटर अंतर आहे. सतरा नॉटांनी, एकदाही न थांबता, एकदाही बुडी न मारता ‘गॅल्वानी’ पळाली असती तरी तिला सत्तावन्न तास लागले असते. म्हणजे दोन दिवसांहून जास्त. 23 जूनला मुंबईजवळ ‘पठाण’ बुडवायची आणि त्याच रात्री ओमानच्या आखातात स्वतः बुडायचं, हे कोणत्याही डिझेलवर जमणारं नाही. ‘पठाण’ची तारीख एक दिवस अलीकडे ओढली तरी जमत नाही. त्यात जूनचा शेवट, आर्द्रा नक्षत्र लागलेलं. या दिवसांत आपले कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवतात. त्या समुद्रात सतरा नॉट हा आकडा गोदीतल्या कागदावरच शोभतो.

मग ही ओळ आली कुठून? माझा तर्क साधा आहे. 23 जून 1940 हा दिवसच गर्दीचा होता. त्याच दिवशी पेरीम बेटाजवळ ‘तोरिचेल्ली’ तीन विनाशिका आणि ‘शोरहॅम’ या स्लूपशी तोफांनी लढून बुडाली. त्याच दिवशी त्या विनाशिकांपैकी ‘खार्टूम’वर स्वतःच्याच टॉर्पेडोची हवेची टाकी फुटली, आग लागली आणि ती कामातून गेली. त्याच तारखेला मुंबईजवळ स्फोट होऊन ‘पठाण’ गेली. अरबी समुद्राच्या बाजूला एक इटालियन पाणबुडी आणि एक बुडालेली हिंदी नौका अशा दोन नोंदी शेजारी शेजारी पडल्या. कुणा कारकुनी वृत्तीच्या संकलकाने दोन्हींमध्ये रेघ ओढून टाकली. शत्रूच्या हातून मरण आलं की हिशेब स्वच्छ होतो. स्वतःच्याच जहाजावरच्या दारूगोळ्याने किंवा अशाच एखाद्या अपघाताने स्फोट झाला म्हटलं, तर पुढे पुष्कळ प्रश्न विचारावे लागतात.

त्या युद्धात गेलेल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या आणि हिंदी व्यापारी जहाजांवरच्या खलाशांची नावं एका पुस्तकात नोंदवलेली आहेत. साडेसहा हजारांच्या आसपास नावं. पुस्तकाची एक प्रत चितगावच्या युद्धस्मशानात आहे आणि दुसरी मुंबईत, मस्जिद बंदरला, खलाशांसाठी बांधलेल्या इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धात गेलेल्या खलाशांचं स्मारकही त्याच इमारतीत आहे. मसाल्याची पोती आणि हातगाड्या चुकवत तिथवर चालत जाता येतं.

मसावाच्या ज्या चार पाणबुड्या उरल्या होत्या, त्या मार्च 1941 मध्ये बंदर पडायच्या आधी निघाल्या आणि सबंध आफ्रिकेला वळसा घालून फ्रान्समधल्या बोर्दोला पोहोचल्या. ‘आर्किमेदे’ आणि ‘गुग्लिएल्मोत्ती’ त्यांत होत्या, पण पुढे युद्धातच बुडाल्या. पाच बहिणींपैकी एकटी ‘ब्रिन’ वाचली. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शस्त्रं खाली ठेवल्यावर तिला इंग्रजांनी आपल्या कामाला घेतलं आणि सिलोनकडे धाडलं. पाणबुडी कशी शोधायची हे दोस्त राष्ट्रांच्या नौकांना शिकवण्यासाठी ती हिंदी महासागरात बुड्या मारत राहिली. 1948 साली तिला मोडीत काढलं.