अन्नसेवा (नांदेड–लातूर परिसर)

क्षुधितांस विनामूल्य अन्न देण्याची, अथवा ते त्यांच्याच हातून पिकवून घेण्याची लोकाश्रयी व्यवस्था. सदावर्त, अन्नछत्र, भंडारा, लंगर ही तिची प्रचलित नावे. गोदावरी व मांजरा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या दोन जिल्ह्यांपैकी नांदेडास ती पंगतीच्या रूपाने स्थिरावली, तर लातुरास अलीकडच्या काळात वाफ्याच्या रूपाने वाढीस लागली.

पूर्वपीठिका : परंपरेने १३९६ ते १४०७ असा मानला गेलेला दुर्गादेवीचा दुष्काळ आणि पंधराव्या शतकात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे रयतेस खुली केल्याची कथा, या दोहोंचे स्मरण या मुलखात आजही टिकून आहे. कथेचा तपशील इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, याविषयी मतैक्य नाही.

नांदेडचा लंगर : दहावे गुरू गोविंदसिंग यांचे निर्वाण १७०८ मध्ये नांदेड येथे झाले, आणि महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या अवधीत तेथे सचखंड हुजूरसाहिबाची वास्तू उभी राहिली. गुरू नानकांनी आरंभिलेली व तिसरे गुरू अमरदास यांनी दृढ केलेली, राव आणि रंक यांस एकाच पंक्तीस बसविणारी लंगराची प्रथा अशा रीतीने गोदातीरी आली. परंतु दूरदेशच्या या तीर्थास पोहोचणाऱ्या यात्रेकरूंसाठी अहोरात्र चालणारी पाकशाळा उभारण्याचे श्रेय होशियारपूर जिल्ह्यातून आलेल्या बाबा निधानसिंग (१८८२–१९४७) यांस दिले जाते. घोडदळातील चाकरी सोडून येथे सेवेस राहिलेल्या या पुरुषाने, निराश होऊन परतीच्या वाटेवर रेल्वे स्थानकापर्यंत गेला असता, गुरूंचा दृष्टांत झाल्याने माघारी येऊन चूल पेटविली, अशी आख्यायिका आहे. आरंभाचे वर्ष सामान्यतः १९१२ च्या सुमाराचे सांगतात. ही पाकशाळा ‘लंगरसाहिब’ या स्वतंत्र गुरुद्वाऱ्याच्या रूपाने आजही चालू असून, हुजूरसाहिबाच्या कारभारासाठी १९५६ च्या स्वतंत्र कायद्यान्वये मंडळाची तरतूद आहे.

व्यवस्थेचे मर्म मनुष्यबळात आहे. धान्य, पीठ, तूप व सरपण यांची रसद दसवंधातून, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या हिश्शाच्या दानातून, आणि फुटकळ देणग्यांतून जमते. पण भाजी चिरणे, पोळ्या लाटणे, वाढणे, भांडी घासणे व यात्रेकरूंची पादत्राणे सांभाळणे ही सर्व कामे वेतनाविना, पाळीपाळीने, स्थानिक रहिवासी आणि यात्रेकरू यांच्याच हातून होतात. ज्याने आताच पंगतीत जेवण घेतले तोच घटकाभराने कढईपाशी उभा असलेला दिसतो. नैमित्तिक अन्नदानाहून लंगराचे वैशिष्ट्य असे की तेथे आपत्ती येण्यापूर्वीच चूल पेटलेली असते, आणि म्हणून आपत्तीत ती केवळ मोठी करावी लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी होताच पंजाबचे हजारो यात्रेकरू नांदेडास अडकून पडले असता त्यांच्या अन्नाची सोय गुरुद्वाऱ्यांतून झाली. त्याच परंपरेचे एक ठाणे यवतमाळ जिल्ह्यात, राष्ट्रीय महामार्गावरील करंजी येथे आहे. तेथे ऐंशी वर्षांचे वय ओलांडलेले बाबा कर्नैलसिंग खैरा यांनी मोजक्या सेवकांच्या साहाय्याने, पत्र्याच्या छपराखाली, पायी व ट्रकांतून गावी परतणाऱ्या मजुरांस सुमारे दहा आठवडे अन्न दिले. जेवणाऱ्यांची संख्या वृत्तपत्रांनी वीस लाख दिली आहे. ती पंगतीची व शिदोऱ्यांची मिळून असावी. जनावरांचाही विसर तेथे पडला नव्हता.

१९७२ चा दुष्काळ : सुकडी हा कोरडा खाऊ, मिलो ही आयात ज्वारी व दुष्काळी कामे ही मुख्यतः शासकीय तरतूद असल्याने येथे निर्देशमात्र.

लातूर : ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुढील पुनर्वसनात गावोगावच्या महिला मंडळांतून नेमलेल्या ‘संवाद सहायक’ स्त्रियांनी शासन व ग्रामस्थ यांच्यामध्ये दुव्याचे काम केले. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचा विस्तार याच कामातून झाला.

त्यानंतरच्या दोन दशकांत सोयाबीनच्या लागवडीने ज्वारी, मूग, उडीद मागे पडले आणि शेतकऱ्याच्या घरी पैसा आला तरी ताटातील जिन्नस बाजारातून विकत आणण्याची पाळी आली. लागोपाठच्या अवर्षणांत (एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले) ही पाळी स्त्रियांस अधिक जाचू लागली. तेव्हा घरच्या जमिनीतून अर्धा ते एक एकर घरधन्याकडून मागून घ्यावे, त्यात नगदी पिकाऐवजी डाळी, तृणधान्ये व पालेभाज्या मिश्र पद्धतीने, सेंद्रिय खतावर घ्याव्यात आणि उरेल ते विकावे, असा ‘एक एकर’ प्रयोग या संस्थेच्या ‘सख्यां’नी, म्हणजे महिला कार्यकर्त्यांनी, लातूर–उस्मानाबाद भागात रूढ केला. त्याबद्दल संस्थेस २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक लाभले. भूमिहीन घरांसाठी अंगणातील परसबाग हाच पर्याय उरतो : नहाणीचे सांडपाणी, शेवगा, अंबाडी, चुका, चवळी, मांडवावर दोडका. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने बचत गटांमार्फत अशा पोषण परसबागांचा पुरस्कार केला आहे.

या स्त्रियांनी कसलेल्या तुकड्यांचे क्षेत्र महसुली दप्तरातून काढणे मात्र दुष्कर आहे. सातबारावर नाव बहुधा पतीचे वा सासऱ्याचे असते, आणि पीकपाहणीत सख्यांच्या मेथीचा रकाना नसतो.