शहाण्या मुलाची फजिती

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, तुमच्या लहानपणी विनोदी पुस्तकं होती का?" मी म्हटलं, "होती की!" पण मग विचारात पडलो. आमच्या वाट्याला मुलांची पुस्तकं आली ती बहुतेक डोळ्यांत पाणी आणणारी. आम्ही खानदेशातले. साने गुरुजी आमच्या जवळचेच. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पुढे १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली आणि १९३५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. श्यामही चुकतो, पण चुकला की रडतो, शिकतो आणि आईच्या कुशीत शिरतो. आम्ही मास्तर मंडळींनी त्यातलं एवढंच उचललं, की चुकलं तर रडायचं. गुरुजींच्या मायेचा भाग वर्गात आणायचा राहूनच गेला.

मात्र मराठीत दुसरीही एक वाट होती. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' हा त्या वाटेवरचा एक जुना गडी. १९९० मध्ये दूरदर्शनवर त्याची मालिका लागायची, तेव्हा आमच्या गल्लीत ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडायचा. मग भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात शिकायला असलेला, हडकुळा, सायकलवर सुसाट जाणारा, तोंडात सदा "टॉक"! भागवतांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' मासिक सुरू केलं. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथाही त्यांनीच मराठी मुलांपुढे आणल्या. फेणेची पुस्तकं सत्तरच्या दशकात गावोगावच्या शाळांत पोचली. त्यानंतर आला दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. गंमत बघा, २०१७ मध्ये फास्टर फेणेवर सिनेमा निघाला, त्यात भागवतांची भूमिका प्रभावळकरांनीच केली. बोक्याच्या बापाने फेणेच्या बापाचं काम केलं म्हणायचं!

या पोरांत मला एक साम्य दिसतं. ती व्रात्य वाटतात, पण बेजबाबदार नाहीत. उलट नको तेवढी जबाबदारी अंगावर घेतात. कोणी अडचणीत दिसलं की धावतात आणि धावतात म्हणूनच धडपडतात. लेखक त्यांना हसतो, पण त्यांची मान खाली घालायला लावत नाही. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. त्याला कारण एक किल्ली.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. बोदवडकडच्याच एका शाळेत मी नववीला मराठी शिकवत होतो. आमच्याकडे दोन गोष्टी मुबलक, कापूस आणि पाण्याची टंचाई. वर्गाचा मॉनिटर अत्यंत गुणी मुलगा होता. घरात थोरला. पहाटे विहिरीवर नंबर लावून पाणी भरायचा, मग धाकट्यांचं आवरून शाळेत यायचा. वाचनालय म्हणजे एक लाकडी कपाट, त्याची किल्ली त्याच्याकडे असायची. एके दिवशी त्याला कपाट उघडायला सांगितलं, तर तो नुसता उभा. किल्ली कुठे आहे विचारलं, उत्तर नाही. माझा पारा चढला. मी भर वर्गात म्हटलं, "तुझ्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती." वर्ग हसला. तो हसला नाही, रडलाही नाही.

शेवटी शिपायाने हातोडीने कुलूप फोडलं. पुढे आठवड्याने त्याच्या शेजाऱ्यांकडून कळलं, की पाणी शेंदताना वाकला आणि खिशातली किल्ली विहिरीत पडली. दोन संध्याकाळी तो गळ टाकून शोधत होता. दोन वेळा बादली निघाली, तीही दुसऱ्याच कुणाची. भागवतांच्या हाती हा प्रसंग पडता तर त्यांनी काय धमाल प्रकरण लिहिलं असतं! मी मात्र त्याचा खटला केला.

पुढच्या सोमवारी त्याने मॉनिटरपद सोडलं. कारण एवढंच सांगितलं, "सर, दुसऱ्याला द्या." वर्षभर त्याने परत कशाला हात वर केला नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी त्या फुटक्या कुलपाच्या कपाटातली फास्टर फेणेची दोन पुस्तकं घरी नेली. वहीत पाहिलं, तर दोन्हींवर सगळ्यात जास्त वेळा नाव त्याचंच होतं. म्हणजे घरी थोरला आणि शाळेत मॉनिटर असलेलं हे पोर कुठेतरी जाऊन मनसोक्त धडपडून येत होतं. ती जागा त्याला माझ्या वर्गात मिळायला हवी होती.

उनाड पोराला चूक माफ असते, कारण त्याच्याकडून कोणी अपेक्षाच करत नाही. शहाण्या पोराला मात्र एकही चूक परवडत नाही. अशा मुलांसाठी विनोदी पुस्तक ही चैन नसते. चुकूनही आपण चांगलेच राहतो, हे त्यांना तिथेच पहिल्यांदा कळतं. पुढच्या सगळ्या वर्षांत मी नववीला दर शनिवारी शेवटचा तास गोष्टींचा ठेवला. त्यात हसायला बंदी नव्हती.

काही वर्षांपूर्वी भुसावळ स्टेशनवर एका गृहस्थाने वाकून नमस्कार केला. केस पिकले होते, पण मी ओळखलं. मला माफी मागायची होती, पण शब्द जुळेनात. इतक्यात तोच हसत म्हणाला, "सर, ती किल्ली अजून विहिरीतच आहे बरं का!"

मग आम्ही दोघंही खूप हसलो. चाळीस वर्षं उशिरा का होईना, हसलो.