स्वस्त ड्रिल मशीनचा इतिहास

हातात धरून चालवायचे विजेचे ड्रिल मशीन प्रथम आले तेव्हा ते ना स्वस्त होते, ना हलके. 1889 मध्ये मेलबर्नमध्ये आर्थर आर्नट आणि विल्यम ब्रेन यांनी विद्युत ड्रिलचे पेटंट घेतले होते, पण ते खडक आणि कोळशाचे थर भेदण्यासाठीचे अवजड यंत्र होते. श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने 1895 मध्ये हातात धरता येईल असे ड्रिल बनवले. त्याचे वजन सुमारे साडेसात किलो होते आणि ते दोन्ही हातांनी धरून, अंगाचा भार देऊनच धातूत घुसवावे लागे.

आजच्या ड्रिलचा आकार अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ठरला. डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर यांनी 1910 मध्ये तिथे एक छोटे वर्कशॉप काढले. भांडवल 1,200 डॉलरचे होते आणि त्यातला आपला निम्मा वाटा उभा करायला ब्लॅक यांनी मोटारगाडी विकली होती. कोल्ट पिस्तुलाची मूठ आणि घोडा पाहून त्यांना जी कल्पना सुचली तिचे पेटंट 1917 मध्ये मिळाले. यंत्र एका हाताने धरायचे, त्याच हाताच्या बोटाने चालू-बंद करायचे आणि दुसरा हात आधाराला मोकळा ठेवायचा. आत युनिव्हर्सल मोटर होती, म्हणजे एसी आणि डीसी दोन्ही पुरवठ्यांवर चालणारी. तेव्हा एकाच शहरात दोन्ही तऱ्हेची वीज असे, त्यामुळे ही सोय फार मोलाची होती. तरी त्या अर्ध्या इंची ड्रिलचे वजन जवळपास पावणेदहा किलो आणि किंमत 230 डॉलर होती. असे यंत्र कारखानाच घेऊ शके.

किमतीतली पहिली मोठी घसरण दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. युद्धकाळात विमान कारखान्यांतले कामगार घरच्या दुरुस्तीसाठी ड्रिल बरोबर नेत आहेत, हे ब्लॅक अँड डेकरच्या लक्षात आले आणि घरगुती गिऱ्हाईक आहे याची कंपनीला खात्री पटली. 1946 मध्ये तिने पाव इंची घरगुती ड्रिल 16.95 डॉलरला बाजारात आणले. ते कारखान्याच्या मशीनइतके दणकट नव्हते आणि त्याला तसे असण्याची गरजही नव्हती. दिवसभर अखंड चालणारे यंत्र आणि महिन्यातून चार भोके पाडणारे यंत्र यांची बांधणी वेगळी असू शकते, हा स्वस्त अवजारांच्या धंद्याचा पाया त्याच वर्षी घातला गेला.

दुसरा पाया विक्रीच्या पद्धतीत होता आणि तो त्याहून जुना होता. शिकागोची सीअर्स कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जाडजूड कॅटलॉग घरोघर पाठवून टपालाने माल विकत होती. 1927 मध्ये तिने क्राफ्ट्समन हे नाव अवजारांसाठी घेतले. ही अवजारे सीअर्स स्वतः बनवत नसे. वेगवेगळ्या कारखान्यांकडून ती बनवून घेऊन त्यांवर आपले नाव घालत असे. पाने-हातोड्यांना आयुष्यभराची हमी होती, विजेच्या मशीनला मात्र थोड्या मुदतीचीच. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. फिरणारी मोटर झिजणारच, आणि त्या झिजेचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न स्वस्त मशीनच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतो.

1977 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या हार्बर फ्रेट या कंपनीने हीच वाट आणखी पुढे नेली. उरलेला आणि परत आलेला माल टपालाने विकण्यापासून तिची सुरुवात झाली. पुढे तिने आशियातल्या कारखान्यांकडून माल थेट घ्यायला सुरुवात केली, मधले आयातदार आणि घाऊक व्यापारी वगळले आणि शिकागो इलेक्ट्रिकसारखी स्वतःची नावे मालावर घातली. नामांकित ग्राइंडरच्या किमतीच्या अंशात ग्राइंडर मिळू लागला. अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यांमध्ये त्यावर पुष्कळ वाद झाले, पण एखाद्याच कामापुरते मशीन हवे असणाऱ्याला ते परवडले, हे खरेच.

या काळात भारतात परिस्थिती अगदी निराळी होती. आयात परवान्याशिवाय होत नसे आणि जकातही जबर होती. त्यामुळे जे मशीन मिळे ते बहुतेक देशी, आणि त्यातले बरेच महाराष्ट्रात बनलेले. मुंबईत मुलुंडला रॅलीवुल्फचा कारखाना होता. त्याची धातूच्या अंगाची जड ड्रिल मशीन्स रेल्वेच्या वर्कशॉपपासून फॅब्रिकेशनच्या टपरीपर्यंत दिसत. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला 1976 मध्ये कुलकर्णी ब्लॅक अँड डेकर ही कंपनी उभी राहिली. तीच पुढे कुलकर्णी पॉवर टूल्स झाली. बाल्टिमोरच्या वर्कशॉपचे नाव पंचगंगेकाठच्या ऊसपट्ट्यातल्या कारखान्याच्या पाटीवर लागले, ही महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

तरीही ही मशीन्स सुताराला किंवा वायरमनला सहज घेता येत नसत. सुतार सामत्याने आणि गिरमिटाने भोके पाडत. वायरमन भिंतीत छिन्नीने चौकोनी खाच पाडी, तीत लाकडी गुट्टी सिमेंटने बसवी, ती सुकेपर्यंत थांबे आणि मग स्क्रू मारी. एका पंख्याच्या रेग्युलेटरसाठी दोन खेपा व्हायच्या. मशीन लागलेच तर हार्डवेअरच्या दुकानातून दिवसाच्या भाड्याने आणायचे. मुंबईतली नागदेवी स्ट्रीट आणि पुण्याच्या रविवार पेठेतली बोहरी आळी ही या मालाची ठिकाणे. तिथे मशीन घेताना गिऱ्हाईक ते दुकानातच लावून पाही. आवाज एकसारखा आहे का, चकमध्ये बिट बसवल्यावर ते डगमगते का, कम्युटेटरवर ठिणग्या किती उडतात, मागून जळका वास येतो का, हे सारे तिथल्या तिथे समजे. कार्बन, स्विच आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) कुठे मिळेल हेही दुकानदार सांगे, कारण तेच गिऱ्हाईक उद्या तक्रार घेऊन त्याच्याकडेच येणार होते.

मशीन स्वस्त करणारी पुढची मोठी घडामोड चीनच्या जजियांग प्रांतात घडली. तिथले योंगकांग हे गाव कल्हईवाले, लोहार आणि भांड्यांना डाग देणाऱ्या फिरत्या कारागिरांचे म्हणून जुन्या काळापासून ओळखले जाई. 1978 नंतर खाजगी धंद्याला मोकळीक मिळाली तशी या कारागिरांच्या घरांची वर्कशॉप झाली आणि वर्कशॉपचे कारखाने. 1990 च्या दशकात तिथे हार्डवेअरचा प्रचंड घाऊक बाजार उभा राहिला. जिआंग्सू प्रांतातल्या चीदोंगलाही असाच पॉवर टूल्सचा गोतावळा जमला. अशा गावात एक कारखाना फक्त आर्मेचर गुंडाळतो, दुसरा गिअर पाडतो, तिसरा स्विच बनवतो, चौथा प्लास्टिकचे अंग ओततो. जुळणी करणाऱ्याला सगळे सुटे भाग जवळपासच मिळतात, त्यामुळे थोड्या भांडवलात मशीनचे नवे नाव बाजारात आणता येते. एकच मशीन हिरव्या, निळ्या किंवा नारिंगी अंगात तीन नावांनी विकले जाते ते यामुळेच. 2001 च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. त्याच वर्षी 1 एप्रिलला भारताने आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठवले होते. त्यानंतर नागदेवीत ‘चायना मशीन’ हा नेहमीचा शब्द झाला.

किंमत नेमकी कुठे कमी होते, ते मशीन उघडल्यावर दिसते. चांगल्या ड्रिलमध्ये आर्मेचरच्या दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग असते. स्वस्तातल्यात एका टोकाला, कधी दोन्ही टोकांना नुसती बुश असते. ती झिजली की आर्मेचर हलते आणि फील्डला, म्हणजे भोवतीच्या स्थिर भागाला, घासते. वाइंडिंग तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेचे असू शकते. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, म्हणून तेवढ्याच कामाला ते लवकर तापते. मोटर मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेते आणि गिअर ते तीन हजारांच्या आसपास आणतात. सारा ताण त्या गिअरवर येतो आणि तिथेच धातूत काटकसर केलेली असते. वायर हातभर लांबीची निघते. लेबलवरचा वॅटचा आकडा मोटर किती वीज ओढते ते सांगतो, बिटपर्यंत किती ताकद पोहोचते ते सांगत नाही. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे जोरदार मशीन, हा समज चुकीचा ठरतो.

यातली काही काटकसर रास्त आहे. वर्षात दहा भोके पाडणाऱ्या घराला बुशचे मशीनही वर्षानुवर्षे पुरते. सुरक्षेतली काटकसर मात्र कोणत्याही किमतीला महागच पडते. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला अकरा हजारांच्या घरात फिरते. गार्ड पातळ असेल किंवा चकतीवर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा खोटी असेल, तर फुटलेला तुकडा कामगाराच्या तोंडावर येतो. दुहेरी इन्सुलेशनची खूण अंगावर छापणे सोपे असते, प्रत्यक्षात ते देणे खर्चाचे असते.

बॅटरीच्या मशीनने आकड्यांचा घोळ आणखी वाढवला. ब्लॅक अँड डेकरने 1961 मध्ये वायरशिवाय चालणारे ड्रिल आणले, जपानच्या माकिताने 1969 मध्ये. सुरुवातीच्या त्या बॅटऱ्या जड होत्या आणि त्यांचा दम लवकर संपे. 2005 नंतर लिथियम-आयन आली आणि दहा वर्षांत बाजार बदलून गेला. पाच सेल ओळीने जोडले की कामाच्या वेळी 18 व्होल्ट भरतात आणि पूर्ण चार्ज असताना 21. म्हणून 18 व्होल्ट, 20 व्होल्ट मॅक्स आणि 21 व्होल्ट ही एकाच बॅटरीची तीन नावे आहेत. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या स्वस्त मशीनवर 48, 88, अगदी 128 असे आकडे दिसतात आणि त्यांपुढे व्होल्टच्या खुणेला एफ हे अक्षर चिकटवलेले असते. आत सेल तेवढेच पाच. एफ लावल्यामुळे तो आकडा व्होल्टचा उरत नाही, मॉडेलचे नाव ठरतो, आणि विकणारा कायद्याच्या कचाट्यातून निसटू पाहतो.

ही मशीन्स थेट घरी पोहोचवणारी व्यवस्था त्याच जजियांगमध्ये घडली. 1999 मध्ये हांगझौला अलीबाबा सुरू झाली. आधी ती कारखान्याची गाठ घाऊक व्यापाऱ्याशी घालून देई. 2010 पासून तिच्याच अलीएक्सप्रेस या साइटवर परदेशातला साधा माणूस एकच नग मागवू लागला. या खरेदीला टपालाच्या दरांनी मोठा हात दिला. आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या नियमांनुसार विकसनशील देशांतून आलेली छोटी पाकिटे श्रीमंत देशांच्या टपालखात्यांनी कमी दरात पोहोचवायची असत. त्यामुळे शेन्झेनहून अमेरिकेत पाकीट पाठवणे कित्येकदा अमेरिकेतल्या अमेरिकेत पाठवण्यापेक्षा स्वस्त पडे. 2018 मध्ये अमेरिकेने संघातून बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि 2019 च्या सप्टेंबरात जिनिव्हाच्या बैठकीत दरांची नवी पद्धत ठरली. शिवाय 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला अमेरिकेत जकात लागत नसे. चीनच्या मालाची ही सवलत 2025 च्या मे महिन्यात बंद झाली.

भारतात ही पार्सले वेगळ्या वाटेने येत. 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला जकात माफ होती, म्हणून विकत घेतलेल्या मालावरही ‘भेट’ असे लिहिलेले असे. 2019 च्या डिसेंबरात ही माफी काढून घेतली गेली आणि 2020 च्या नोव्हेंबरात अलीएक्सप्रेसवर भारतात बंदी आली. चीनचा माल त्यामुळे थांबला नाही. आयातदाराने कंटेनरने आणायचा, देशातल्या गोदामात ठेवायचा आणि फ्लिपकार्ट किंवा ॲमेझॉनवर विकायचा, ही घडी आधीच बसली होती. 2010 मध्ये फ्लिपकार्टने माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली होती. ज्यांच्याकडे कार्ड नव्हते अशा तालुक्याच्या गावातल्या वेल्डर-सुतारांसाठी ऑनलाइन बाजाराचे दार या सोयीने उघडले. गडहिंग्लज किंवा उमरखेडच्या कारागिराला मुंबईची खेप, एसटीचे भाडे आणि बुडालेला दिवस वाचला, आणि ड्रिल, ग्राइंडर, कटर ही तिन्ही मशीन्स त्याच्या स्वतःच्या मालकीची होऊ शकली. भाड्याच्या मशीनवर काम करणारा हेल्पर स्वतः ठेका घेऊ लागला, यात या स्वस्ताईचा वाटा मोठा आहे. तिचे दोष मोजताना हे विसरणे अन्यायाचे होईल.

गेले ते दुकानात मशीन चालवून पाहणे. त्याची जागा फोटो, तारे आणि परत पाठवण्याच्या मुदतीने घेतली. पण कमजोर आर्मेचर सहसा त्या मुदतीत जळत नाही. ते पावसाळ्यानंतर कामाचा जोर आला की जळते. रिवाइंडिंगची मजुरी आणि नव्या मशीनची किंमत यांतले अंतर इतके कमी झाले आहे की दुरुस्तीवाला पुष्कळदा नवेच घ्या म्हणतो. ज्या मॉडेलांची सर्वाधिक नक्कल झाली त्यांचे मात्र नशीब वेगळे निघाले. स्वस्त हॅमर ड्रिल आणि ग्राइंडर बहुधा नामांकित कंपन्यांच्या जुन्या मॉडेलच्या साच्यावर बेतलेले असतात, म्हणून त्यांचे आर्मेचर, फील्ड, गिअर आणि कार्बन बोहरी आळीत सुटे मिळतात. जुने दुकानदार हल्ली मशीनपेक्षा सुट्या भागांवरच जास्त तगून आहेत. बॅटरीच्या मशीनमध्येही तसेच झाले: पुष्कळ नव्या नावांनी माकिताच्या बॅटरीची खाच जशीच्या तशी उचलली आणि एका मशीनची बॅटरी दुसऱ्याला बसू लागली.

दरम्यान या बाजाराला नियमही लागले. 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनी माल कोणत्या देशात बनला ते विक्रीच्या पानावर लिहिणे बंधनकारक केले, आणि 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर टाकली. सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून मालाच्या रूपाने पाठवायला एप्रिल 2016 पासून जगभर मनाई आहे. म्हणून ती बहुतेक जहाजाने आणि रस्त्याने फिरते, आणि पुष्कळ मशीन्स बॅटरीशिवाय, नुसती अंगापुरती विकली जातात. यादीतला सर्वांत कमी आकडा बहुधा अशाच मशीनचा असतो; बॅटरी आणि चार्जर घेतले की किंमत कित्येकदा दुप्पट होते.